फोटोच्या कडेला कोण उभं आहे?

स्क्रॅपबुकला मराठीत ‘चिकटवही’ असा एक छान शब्द आहे. शाळेत तो कानावर पडतो आणि पुढे आपण तो विसरून जातो. त्याच्याच शेजारचा दुसरा शब्द ‘कात्रणवही’. वस्तू जवळपास तीच, पण एका शब्दानं डिंकाची बाजू घेतली आहे आणि दुसऱ्यानं कात्रीची. काय कापायचं आणि काय चिकटवायचं, हे निम्मं तंत्र या दोन शब्दांतच आलं. उरलेलं निम्मं म्हणजे शेजारी काय लिहायचं. त्या कामासाठी वहीचं वेगळं नाव आपल्याकडे नाही आणि मला वाटतं, गडबड तिथूनच सुरू होते.

सध्या चिकटवह्या पुन्हा जोरात आहेत. कागदावाल्यांकडे वॉशी टेप, पारदर्शक कागद, सुकवलेली फुलं, सिनेमाची तिकिटं आहेत. फोनवाल्यांकडे फाटक्या कागदाची डिजिटल कड आहे, जुन्या फिल्मची चौकट आहे, हव्या त्या प्रसंगाचं टेम्प्लेट आहे. या सगळ्याबद्दल बोललं जातं ते मात्र एकाच सुरात: किती गोड! फार तर, कुठला फाँट वापरलास? कवितेबद्दल आणि सिनेमाबद्दल आपण भांडतो, चिकटवहीबद्दल कोणी भांडत नाही. बायकापोरांची हौस म्हणून तिला टीकेतून सूट मिळाली आहे. ही सूट मला अपमानाची वाटते. ज्या पानांवर माणसं गेलेल्या आजीला, मोडलेल्या घराला, सुटलेल्या गावाला जागा देतात, ती पानं जरा नीट तपासायला हवीत. म्हणून इथे एकेक तंत्र घेते आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारते: तू त्या तुकड्याचं काय केलंस?

चार्टवरचे टिळक

शाळेतलं स्क्रॅपबुक आठवा. जाड रंगीत पानांची वही. स्टेशनरीच्या दुकानात ‘थोर नेते’, ‘पक्षी’, ‘वाहतुकीची साधने’ असे छापील चार्ट मिळायचे, अजूनही मिळतात. लहान लहान चौकोनांत चित्रं, खाली नाव. कापा, चिकटवा, बाजूला चार ओळींची माहिती उतरवा. वर्गातल्या साठ वह्यांत साठ टिळक आणि सगळे एकाच पगडीतले. मार्क सुबकपणाला. एखाद्यानं घरच्या जुन्या कॅलेंडरवरचे टिळक कापून आणले असते तर ते चौकोनात मावले नसते, पानाबाहेर गेले असते आणि त्याचा एक मार्क गेला असता.

फोनमधलं टेम्प्लेट हे त्या चार्टाचं उलटं रूप आहे. कॅनव्हा २०१३ साली सुरू झालं, इन्स्टाग्रामवर स्टोरी २०१६ साली आली आणि रेडीमेड पानं सगळ्यांच्या हातात गेली. चार्टात चित्र ठरलेलं असायचं आणि पान आपलं. टेम्प्लेटात पान ठरलेलं असतं आणि चित्र आपलं. वरवर ही प्रगती वाटते. पण तीन चौकोनांच्या टेम्प्लेटात तुमच्याकडे दोनच फोटो असले तर तिसरा कुठून तरी शोधून आणावा लागतो, आणि पाच असले तर दोन गळतात. आठवणी किती, हे आधीच कोणीतरी ठरवलेलं असतं.

तरी साच्याला सरसकट नावं ठेवणं मला पटत नाही. रिकाम्या पानाची भीती खरी असते आणि साचा ती घालवतो. जात्यावरच्या ओवीलाही साचा होताच. त्याच साच्यात हजारो बायकांनी आपापलं माहेर, आपापला भाऊ बसवला. पण ओवीत गावाचं नाव लांबलचक असलं की गाणारीला ते ओढूनताणून बसवावं लागतं आणि ती ओढाताण ऐकू येते. तिथेच ती ओवी तिची होते. टेम्प्लेटात ओढाताण होतच नाही. फोटो आडवा असो, उभा असो, अ‍ॅप त्याला चौकटीएवढा आपोआप कापून टाकतं. आपण काही कापलं, याचा आपल्याला पत्ताही लागत नाही. साच्याबद्दलची माझी तक्रार एवढीच आहे: जे अडायला हवं होतं ते अडत नाही.

जरीकाम आणि स्टिकर

सजावटीवर टीका करणं सोपं असतं, म्हणून आधी सजावटीची बाजू घेते. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी, सरस्वती घराघरांत भिंतीवर पोचल्या. पण अनेक ठिकाणी त्या छापल्या तशा राहिल्या नाहीत. देवीच्या छापील साडीवर खरं कापड चढलं, काठाला खरी जरीची तार शिवली गेली, दागिन्यांवर टिकल्या आणि मणी आले. संग्रहांमध्ये अशी सजवलेली चित्रं आजही पाहायला मिळतात. आजच्या भाषेत याला ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणतील, ‘लेयरिंग’ म्हणतील. तेव्हा ती फक्त देवीची साडी होती.

या जरीकामात मला आवडते ती एक साधी गोष्ट. जर तिथेच लागते जिथे चित्रात काठ आहे. मणी तिथेच बसतो जिथे चित्रात मोती आहे. म्हणजे सजवणाऱ्या हाताला आधी चित्र वाचावं लागलं. एकसारख्या छापलेल्या हजार प्रतींमधली एक प्रत अशा वाचण्यानं त्या घराची झाली.

आता फोनमधला स्टिकर पाहा. तो कुठे लागतो? जिथे रिकामी जागा आहे तिथे. फुलपाखरू आकाशात, हृदय कोपऱ्यात, सोनेरी चमक सगळीकडे. खालचा फोटो बदलला तरी स्टिकर हलवावा लागत नाही. सजावट वाईट कधी, तर ती खालच्या गोष्टीकडे न बघता करता येते तेव्हा. कागदावरच्या वॉशी टेपलाही हीच कसोटी लावा. तिकिटाचा फाटलेला कोपरा सांधायला लावलेली टेप त्या तिकिटाबद्दल काही सांगते. पानाच्या चारही बाजूंनी फिरवलेली टेप फक्त आपल्याकडे टेप आहे एवढंच सांगते.

जुळवून न घेणारी सजावटही असते. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेले आणि पुढे बडोद्याला स्थिरावलेले भूपेन खक्कर यांनी सुरुवातीच्या काळात देवादिकांची छापील चित्रं कापून आरशांवर चिकटवली आणि भिंतीवर कोणी खरडावं तशा खुणा त्यांवर केल्या. १९६५ साली ही कामं जहांगीर कलादालनात लागली होती. कापलेल्या देवाच्या आजूबाजूला आरसा उरतो आणि आरशात पाहणारा दिसतो. इथे तुकडा आपल्या जागेवरून उखडला आहे आणि तो उखडला आहे हे लपवलेलं नाही. जरीकाम चित्राला जवळ घेतं, खक्करांचा आरसा त्याला अवघडवतो. दोन्ही चालतात, कारण दोन्हीकडे चित्राकडे आधी बघितलेलं आहे.

खळ, फेविकॉल, व्हॉट्सअ‍ॅप

चिकटवण्याबद्दल सौंदर्यापेक्षा आधी थोडी रसायनाची गोष्ट. आजी-आजोबांच्या काळातल्या अल्बमची काळी पानं आठवा. मध्ये बटर पेपर, आणि फोटो चार कागदी कोपऱ्यांत अडकवलेला. फोटोला डिंक लागत नसे. कोपऱ्यातून तो अलगद काढता येई, उलटा करता येई आणि मागे काय लिहिलंय ते वाचता येई. मग चिकट पानांचे आणि वर प्लास्टिकचा पापुद्रा असलेले अल्बम आले. ते झटपट भरत, नीटनेटके दिसत. त्यांतला फोटो काही वर्षांनी पानालाच धरून बसतो आणि काढायला गेलं तर फाटतो. मुंबईच्या पावसाळ्यात तर विचारू नका. दमट हवा, बुरशी, कसर. वर्तमानपत्राचं कात्रण चिकटवलं असेल तर त्या स्वस्त कागदातल्या लिग्निनमुळे ते पिवळं पडतं, ठिसूळ होतं आणि शेजारच्या पानालाही डाग देतं.

जुने कागद दुरुस्त करणारी जाणकार मंडळी गव्हाच्या स्टार्चची खळ वापरतात. पतंगाला आणि आकाशकंदिलाला आपण लावतो, तिचीच शुद्ध बहीण म्हणा. कारण असं की खळ पाण्यानं पुन्हा सुटते. फेविकॉल पक्का, पण तो आपला निर्णय कायमचा करून टाकतो. मार्क ट्वेन यांनी १८७३ साली आधीच गोंद लावलेल्या पानांच्या स्क्रॅपबुकाचं पेटंट घेतलं होतं. पान ओलं करायचं आणि कात्रण दाबायचं. डिंकाची बाटली शोधायचा त्रास वाचला, लोकांनी ती वही भरपूर विकत घेतली. सोय आणि पश्चात्ताप यांचं नातं इतकं जुनं आहे.

यातून कागदासाठी एकच नियम निघतो: चिकटवलेलं निघायला हवं, कारण फोटोला मागची बाजू असते. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीनं लिहिलेली तारीख, ‘ताईच्या लग्नात’ अशी अर्धी ओळ, सगळं मागे असतं.

डिजिटल फोटोलाही मागची बाजू असते, फक्त ती बोटानं उलटता येत नाही. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या फोननं आणि लोकेशन चालू असेल तर कुठे फोटो काढला, हे फाइलमध्ये लिहिलेलं असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो लहान होतो आणि ही माहिती गळून पडते. फॅमिली ग्रुपवरून उतरवलेला फोटो म्हणजे मागची बाजू सोललेला फोटो. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर शाबूत पोचतो. स्क्रीनशॉटचीही तीच गत. पानाचंही असंच आहे. थर वेगळे राहतील अशी मूळ फाइल ठेवली तर उद्या स्टिकर उचलून खालचा चेहरा पाहता येईल. सगळं एकत्र करून जेपीजी केलं आणि मूळ फाइल उडवली की तो फेविकॉल झाला.

दांड्यातलं एक रील

मी खारला राहते. कार्टर रोडच्या उत्तरेला गेलं की खारदांडा लागतो. एका बाजूला समुद्राकडे तोंड केलेले महागडे टॉवर, दुसऱ्या बाजूला होड्या, जाळी आणि अरुंद गल्ल्यांचा कोळीवाडा. वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूच्या कामाला इथल्या मच्छीमारांनी विरोध केला, कारण होड्यांच्या वाटा आणि मासेमारीची जागा यांचा प्रश्न होता. मुंबईतल्या कोळीवाड्यांच्या हद्दी कुठून कुठे, हा वादही वर्षानुवर्षं चालू आहे. अशा ठिकाणी जुना फोटो नुसता गोड राहत नाही. मागे दिसणारा किनारा, वाळत घातलेलं जाळं, बाजाराची जागा, यांना अर्थ येतो.

दांड्यातल्या ओळखीच्या एका मुलीनं आजीच्या वर्षश्राद्धाला एक रील केलं. मला दाखवलं. हात सफाईदार होता. जुन्या कागदाची पार्श्वभूमी, फाटक्या कडा, हलकं गाणं, आणि मध्यभागी एक कृष्णधवल फोटो, अ‍ॅपनं रंगवलेला. तीन बायका किनाऱ्यावर उभ्या, मधली आजी. ग्रुपवर भरपूर हृदयं आली.

मूळ फोटो मी नंतर तिच्या घरी पाहिला. तो आडवा होता आणि त्यात पाच बायका होत्या. रीलची चौकट उभी, नऊला सोळा. अ‍ॅपनं आपणहून मधला भाग उचलला आणि दोन्ही कडांच्या बायका गेल्या. फोटोच्या मागे पेन्सिलीनं एकच शब्द होता: शिमगा. साल नाही. तिच्या आत्यानं उजवीकडची बाई लगेच ओळखली. आजीला बाजारात आपल्या शेजारी पहिल्यांदा बसायला जागा दिली ती हिनं, असं आत्या म्हणाली. म्हणजे आजीनं पुढे ज्या टोपलीवर घर चालवलं, त्या टोपलीला जागा देणारी बाई त्या रीलमध्ये नव्हती.

रंगांचं काय? कृष्णधवल फोटोत रंगाची माहिती नसते, उजेड-काळोखाची असते. रंगवणारं अ‍ॅप आधी पाहिलेल्या लाखो चित्रांवरून अंदाज बांधतं. त्या अंदाजात लुगडी फिकट निळी झाली होती. त्या दिवशी ती कुठल्या रंगाची होती हे सांगू शकणारी माणसं दांड्यात होती, पण अ‍ॅपनं त्यांच्याआधी उत्तर देऊन टाकलं. चेहऱ्यांवरच्या सुरकुत्याही त्यानं पुसल्या होत्या. उन्हात आणि खाऱ्या वाऱ्यात दिवस काढलेल्या बाईचा चेहरा गुळगुळीत करणं म्हणजे तिचं काम पुसणं आहे. याला ‘रिस्टोअर’ म्हणतात, आणि हा शब्द मला खोटा वाटतो. जे तिथे नव्हतंच ते परत आणता येत नाही.

पुढे त्या मुलीनं दुसरं पान केलं. तंत्र म्हणाल तर पहिल्यापेक्षा कितीतरी सोपं. उभ्या चौकटीत आडवा फोटो पूर्ण ठेवला, न रंगवता. त्यामुळे वर आणि खाली मोकळी जागा उरली. वर फोटोची मागची बाजू लावली, पेन्सिलीच्या ‘शिमगा’सकट. खाली पाच रेघा ओढल्या. चारांवर नावं लिहिली, पाचवी रिकामी ठेवली. गाण्याच्या जागी आत्याचा आवाज घातला. बाजारातल्या जागेची गोष्ट, चाळीस सेकंदांत.

या पानाला हृदयं कमी आली. पण ग्रुपवर भांडण सुरू झालं. एक म्हणाला, मागे दिसते ती होडी आमची. दुसरीनं सांगितलं, हा शिमगा तिच्या लग्नाच्या आदल्या वर्षीचा. तिसऱ्यानं ते खोडलं. पाचवीचं नाव मी हे लिहीपर्यंत सापडलेलं नाही. रेघ अजून रिकामी आहे आणि कोणी जुनं माणूस घरी आलं की पान त्याच्यासमोर धरलं जातं. दोन पानांतलं डावं-उजवं मी यावरूनच ठरवते. पहिल्या पानानं विषय संपवला, दुसऱ्यानं काढला.

तीन आखातांची चिकटवही

खारदांड्याला लागूनच चुईम हे जुनं गाव आहे, आता खारच्या इमारतींत मिसळून गेलेलं. तिथे ‘कॅम्प’ या कलाकार गटाचा स्टुडिओ आहे. शायना आनंद, अशोक सुकुमारन आणि संजय भांगर यांनी तो २००७ साली सुरू केला. फोनमधल्या तुकड्यांचं काय करता येतं, याचं मला माहीत असलेलं सर्वांत चांगलं उदाहरण या गटाचं आहे: ‘फ्रॉम गल्फ टू गल्फ टू गल्फ’ हा २०१३ सालचा, सुमारे ८३ मिनिटांचा चित्रपट.

कच्छच्या आखातातून लाकडी वाहनं माल घेऊन इराणचं आखात आणि एडनचं आखात इथवर जातात. त्यांवरचे खलाशी फोननं व्हिडिओ काढतात. वाहन बांधण्याचं काम, चढणारा-उतरणारा माल, डेकवरचा स्वयंपाक, शेजारून जाणारं ओळखीचं वाहन. अनेकदा त्या व्हिडिओला त्यांनी स्वतःच एखादं गाणं जोडलेलं असतं. कॅम्पनं काही वर्षांच्या ओळखीतून हे तुकडे जमवले आणि त्यांतून चित्रपट उभा केला. ओळखीची सुरुवात शारजाच्या बंदरात झाली होती. २००९च्या शारजा बिएनालेसाठी त्यांनी ‘व्हार्फेज’ नावाचं काम केलं, त्यात सोमालियाकडे जाणाऱ्या वाहनांच्या आणि मालाच्या नोंदींचं एक पुस्तकही होतं. कुठलं वाहन, काय माल. तीही एक चिकटवहीच.

आपल्याकडे रील्स आली जुलै २०२० मध्ये. खलाशी त्याच्या कितीतरी आधी तेच करत होते: स्वतः काढलेला छोटा व्हिडिओ, त्यावर आवडीचं गाणं. फरक गाणं निवडण्यात आहे. रीलला गाणं लावताना आपण वरच्या बाणाकडे बघतो, सध्या काय चालतंय ते. खलाशानं लावलेलं गाणं घरापासून महिनोन् महिने लांब असलेल्या माणसानं स्वतःसाठी आणि सोबत्यांसाठी निवडलेलं आहे. समुद्रावर प्रेमगीत वाजतं तेव्हा पडद्यावर नायिका नसते, मालानं भरलेलं वाहन असतं. कोणाची आठवण येत असेल ते आपण ओळखायचं. कॅम्पनं ही गाणी बदलून त्या जागी आपलं पार्श्वसंगीत घातलं असतं तर चित्रपट जास्त देखणा झाला असता आणि खलाशांचा राहिला नसता.

दुसरं तंत्र दर्जाचं. या चित्रपटात साध्या फोनचे फुटलेल्या पिक्सेलचे तुकडे आहेत, व्हिडिओ टेपवरचे आहेत, चांगल्या कॅमेऱ्याचेही आहेत. ते एकसारखे दिसावेत म्हणून घासूनपुसून घेतलेले नाहीत. चित्र कुठल्या हातातून आलं हे त्याच्या दाण्यावरून कळतं. आमच्या रीलमध्ये फाटक्या कागदाची नकली कड वापरून जे ‘जुनंपण’ आणलं होतं, ते इथे खरं आहे आणि त्यासाठी काहीच करावं लागलेलं नाही. नुसतं न पुसणं पुरलं.

आता तक्रार. चित्रपटाला निवेदक नाही. बाहेरच्या माणसानं वरून समजावत बसायचं नाही, ही भूमिका मला मान्य आहे आणि तिच्यामुळेच खलाशी माहितीपटातले ‘बिचारे’ होत नाहीत. पण त्याची किंमतही आहे. कुठला तुकडा कोणाच्या फोनमधला, हे पाहणाऱ्याला दर वेळी कळत नाही. महोत्सवांत आणि कलादालनांत बसलेला प्रेक्षक मग त्या तुकड्यांना ‘समुद्र’, ‘श्रम’, ‘स्थलांतर’ अशी मोठी नावं देऊन मोकळा होतो. ज्यानं फोन धरला होता तो माणूस लाटेत विरघळतो. चित्रपट वाहतो म्हणून सुंदर आहे, आणि वाहतो म्हणूनच थांबून नाव विचारता येत नाही. ही अडचण या चित्रपटापुरती नाही. हलत्या चित्रांच्या कुठल्याही चिकटवहीत हे होणार, तुमच्या-माझ्या रीलमध्येही. एका सेकंदाला एक फोटो जात असेल तर कडेला कोण उभं आहे हे कोण वाचणार?

समासात लिहा

याचं एक उत्तर त्याच गटाच्या दुसऱ्या कामात आहे. २००८ साली कॅम्पनं मुंबई, बंगळुरू आणि बर्लिनमधल्या संस्थांच्या साथीनं ‘पॅडमा’ हा ऑनलाइन व्हिडिओ संग्रह उभा केला. त्यात मुख्यतः तयार चित्रपट नाहीत, त्यांच्या मागे उरलेलं, न कापलेलं चित्रण आहे. आणि त्या चित्रणाच्या सेकंदासेकंदाला टीप लिहिता येते. इथे कोण बोलतंय, काय म्हणतंय, ही जागा कुठली, या ओळीचा संदर्भ काय. व्हिडिओ चालतो आणि शेजारी लेखन चालतं. सुरुवातीला मी म्हटलं की शेजारी लिहिण्याच्या कामाला वहीचं नाव नाही. पण त्या जागेला मात्र मराठीत शब्द आहे: समास. पॅडमानं व्हिडिओला समास दिला. तुकडा अख्खा राहतो आणि त्याच्याबद्दलचं बोलणंही हरवत नाही.

समासाचं काम मोठ्या यंत्रणेशिवायही होतं. कल्याणच्या विजय सुरवाडे यांनी डॉ. आंबेडकरांची छायाचित्रं, पत्रं, वस्तू जमवण्यात कितीतरी वर्षं घातली. अशा संग्रहात फोटो मिळवणं ही अर्धी गोष्ट. बाबासाहेबांना सगळेच ओळखतात. त्यांच्या शेजारी, मागच्या रांगेत कोण बसलं आहे, प्रसंग कुठला, साल कोणतं, हे कळलं की त्या फोटोतून चळवळ दिसायला लागते. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातून पराग तांडेल आणि कादंबरी कोळी यांनी ‘तांडेल फंड ऑफ आर्काइव्ह्ज’ सुरू केलं. कोळी समाजाच्या गोष्टी, पाककृती, वस्तू, आठवणी त्यात जमतात. तिथे गोळा करणारे आणि ज्यांच्याकडून गोळा करायचं ते एकाच समाजातले आहेत, म्हणून कोणती गोष्ट कोणाला विचारायची हे त्यांना ठाऊक असतं. सुंदर पानांच्या शंभर पुस्तकांपेक्षा ही माहिती दुर्मीळ आहे.

तुम्ही विचाराल, एवढं सगळं एका स्टोरीसाठी? स्टोरी २४ तासांत जाणारच. ठीक आहे, तिथे हवी तेवढी फुलपाखरं सोडा. पण ज्या पानाला तुम्ही आठवण म्हणता त्याची फाइल वेगळी ठेवा. जुन्या फोटोच्या दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. तो आडवा असेल तर आडवाच ठेवा, उरलेली जागा सजवायची घाई करू नका. रंगवलेली प्रत केलीत तर मूळ प्रत तिच्या शेजारी लावा. फाइलच्या नावातले आयएमजी आणि आकडे काढून माणसांची नावं लिहा, कडेच्या माणसांपासून सुरुवात करून. मधलं माणूस कोण हे घरात सगळ्यांना माहीत असतं. कडेचं माणूस सांगू शकणारं घरात बहुतेक एकच जण उरलेलं असतं, आणि ते फोन वापरत नसतं. त्याच्याकडे जावं लागतं. गाणं लावायच्या आधी त्याचा आवाज रेकॉर्ड करा. नाव आठवलं नाही तर रेघ तशीच सोडा आणि पान ग्रुपवर टाका.